सायकल उतारावर नेण्याआधी : डोके, पोट आणि ब्रेक

पावसाने उघडीप दिली की मानोऱ्याच्या आसपासच्या टेकड्यांवर सायकली दिसू लागतात. पूर्वी सायकल म्हणजे शाळेत, मजुरीला, बाजाराला जाण्याचे साधन. आता वस्तीतल्या काही मुलांकडे जाड टायरच्या, गिअरच्या सायकली आल्या आहेत. मोबाइलवर डोंगरउताराच्या शर्यती पाहून त्यांनाही तसे करावेसे वाटते. रविवारी चार-सहा जण मिळून सायकली टेकडीवर ढकलत नेतात आणि मुरमाच्या वाटेने नाही तर पांदणीने सुसाट खाली येतात. अंगात बनियन, पायात चप्पल, डोक्यावर काहीच नाही.

घरची माणसे यावर दोन प्रकारे बोलतात. काही म्हणतात, खेळू द्या पोट्ट्यांना, पडल्याशिवाय कोणी शिकत नाही. आणि कोणी पडले की दुसऱ्या दिवशी हुकूम निघतो, आजपासून सायकल बंद. हा दुसरा हुकूम मुलींवर लवकर निघतो, आणि तिची सायकल बंद झाली की शाळेची वाटही लांब होते. आम्हाला दोन्ही गोष्टी मान्य नाहीत. आपल्या मुलांनी डोंगर पाहावा, वेग अनुभवावा, अंगात धीटपणा यावा. पण त्याची तयारी आदल्या दिवशी घरी बसून करावी, आणि ती करायला श्रीमंत असावे लागत नाही, हे या वेळच्या आरोग्य पानावर सांगायचे आहे.

वस्तीतल्या घरात पडण्याची किंमत वेगळी असते. गळपट्टीचे हाड मोडले तर जुळायला साधारण सहा आठवडे लागतात, जड काम त्याच्याही पुढे. नोकरदाराच्या मुलाला ती सुटी असते. रोजंदारीवर जाणाऱ्या वीस वर्षांच्या पोराच्या घरी तेवढे दिवस चूल उसनवारीवर चालते. डोक्याला मार लागला तर गोष्ट आठवड्यांत मोजता येत नाही.

उतार काय करतो

आपला तालुका सपाट नाही. अरुणावतीच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या वाटांवर खाली काळा खडक, वर सुटा मुरूम, आणि सखल भागात काळी माती. सुक्या मुरमावर वळणात चाक घसरते. ओली काळी माती टायरला चिकटून मडगार्डमध्ये भरते आणि चाक जागीच अडते. ऑक्टोबरात डांबरी रस्त्यावरही सावध राहावे लागते, कारण ठिकठिकाणी सोयाबीन वाळत घातलेले असते. त्या दाण्यांवर पुढचा ब्रेक दाबला की सायकल खालून निघून जाते. रामनवमीच्या दिवसांत पोहरादेवीच्या यात्रेची वाहने असतात, तेव्हा त्या बाजूचे रस्ते सोडून द्यावेत.

वेगाचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे, पण कोणी असा मांडून दाखवत नाही. ताशी २० किलोमीटर वेगाने जाऊन दगडावर आदळणे म्हणजे सुमारे दीड मीटर उंचीवरून पडणे. ताशी ३० म्हणजे साडेतीन मीटर, पत्र्याच्या घराच्या छपरावरून पडल्यासारखे. ताशी ४० म्हणजे सव्वासहा मीटर, दुमजली घराच्या गच्चीवरून. गिअरच्या सायकलीने उतारावर ताशी ४० गाठायला काहीच कष्ट पडत नाहीत, पायडलही मारावे लागत नाही. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते, आणि उतारावर त्याहून जास्त. गच्चीवरून उडी मारायला कोणी सांगितले तर आपण हेल्मेट घातले तरी मारणार नाही. म्हणून आधी वेग आवरणे, म्हणजे ब्रेक. हेल्मेट त्यानंतर येते, पण ते लागतेच.

डोके

सायकलीचे हेल्मेट आतून थर्माकोलसारख्या कडक फोमचे असते. आदळल्यावर तो फोम चेपतो, फुटतो, आणि डोक्याला बसायचा धक्का स्वतःवर घेतो. त्यामुळे एकदा जोरात आदळलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी निकामी झाले असे समजावे. कोणाचे जुने हेल्मेट मिळत असेल तर ते कधी आपटले होते का, हे विचारून घ्या. आत चीर दिसली तर फुकटही घेऊ नका.

साध्या सायकल हेल्मेटवर ईएन १०७८ किंवा सीपीएससी यापैकी एक खूण आतल्या बाजूला असावी. डोंगरउताराच्या खऱ्या शर्यतीत हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारे हेल्मेट वापरतात. त्याचे वेगळे मानक आहे, एएसटीएम एफ १९५२. ते महाग असते आणि आपल्या टेकडीवर पहिल्या दिवशी त्याची गरज नाही, बेताचा वेग आणि ओळखीची वाट असेल तर साधे हेल्मेट चालते. घरात मोटारसायकलचे आयएसआय खुणेचे हेल्मेट असेल आणि दुसरे काहीच नसेल, तर उघड्या डोक्यापेक्षा ते कितीतरी बरे. मात्र ते जड असते, मान दुखते, घाम फार येतो आणि मागून येणाऱ्याची हाक ऐकू येत नाही. चढताना काढून हँडलला अडकवावे, उतरताना घालावे. बांधकामावरचे पिवळे हेल्मेट किंवा क्रिकेटचे हेल्मेट मात्र नको. पहिले वरून पडणाऱ्या विटेसाठी बनवलेले असते, दुसरे चेंडूसाठी.

माप नीट नसेल तर चांगले हेल्मेटही उपयोगाचे नाही. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर यावी. मागे सरकवून कपाळ उघडे टाकण्याची फॅशन आहे, पण पडताना आधी कपाळच आदळते. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या खाली एकत्र यावेत. हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटे जातील इतकीच ढील ठेवावी. पट्टा लावून डोके जोरात हलवून पाहा, हेल्मेट डोक्याबरोबर हलले पाहिजे. पुढे वाढेल म्हणून लहान मुलाला मोठे हेल्मेट घेऊ नका. शाळेच्या गणवेशाचा नियम इथे लावता येत नाही.

जयंतीच्या रॅलीबद्दलही इथेच बोलून घेतो. १४ एप्रिलला आपले तरुण मोटारसायकलवर निघतात, कपाळाला निळी पट्टी आणि डोके उघडे. ती पट्टी हेल्मेटवरूनही बांधता येते. मंडळांनी डीजेच्या खर्चातला थोडा वाटा काढून चार-सहा हेल्मेट घेतली तर ती रॅलीला उपयोगी पडतील आणि ओळखीच्या टेकडीवर वेळेला सायकलवाल्यांच्याही कामी येतील.

पोट

हा भाग आम्ही मुद्दाम विस्ताराने लिहितो, कारण हेल्मेटबद्दल सगळे बोलतात आणि याबद्दल कोणी बोलत नाही.

वस्तीतल्या निम्म्या सायकलींच्या हँडलच्या मुठी फाटलेल्या दिसतील. रबर झिजून टोकाला लोखंडी नळी उघडी पडलेली असते. सायकल पडताना हँडल वळते आणि ती नळी सरळ पोटात रुतते. बाहेर फक्त एक गोल वळ दिसतो, कधी तोही दिसत नाही, रक्त येत नाही. मूल उठून उभे राहते, कपडे झटकते आणि पुन्हा सायकलवर बसते. आत मात्र यकृत, प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतड्याला इजा झालेली असू शकते. प्लीहा म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा रक्ताने भरलेला अवयव. तो फाटला तर पोटाच्या आत रक्तस्राव सुरू होतो आणि लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात.

म्हणून पोटाला हँडल लागले असे मुलाने सांगितले, किंवा पोटावर गोल वळ दिसला, तर पुढचे दोन दिवस त्याच्यावर नजर ठेवा. पोटातले दुखणे वाढत जाणे, पोट हाताला कडक लागणे, उलट्या, चेहरा पांढरा पडणे, थंड घाम, चक्कर, लघवीत रक्त, किंवा काही न लागता डावा खांदा दुखणे, यापैकी काहीही दिसले तर शेक देत, ओवा खाऊ घालत बसू नका. दवाखान्यात न्या आणि ‘सायकलचे हँडल पोटात लागले’ हे शब्द डॉक्टरांना सांगा. पोट दुखते एवढेच सांगितले तर ते अपचनाचे दुखणे समजले जाऊ शकते.

आपल्या समाजात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. विदर्भात सिकलसेल आजाराचे प्रमाण मोठे आहे आणि आदिवासींप्रमाणे आपल्या बौद्ध कुटुंबांतही तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा वाढलेली असू शकते आणि वाढलेली प्लीहा थोड्या मारानेही फाटते. शिवाय फार दमणे, अंगातले पाणी कमी होणे, थंडी वाजणे यांनी त्या रुग्णाला तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो. अशा मुलाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उताराच्या सायकलिंगला जाऊ नये. तो टेकडीखाली वेळ मोजायला, फोटो काढायला, दुरुस्तीला सोबत असू शकतो, त्याला घरी बसवून ठेवू नका. जो फक्त वाहक आहे त्याला सहसा त्रास होत नाही, त्याने पाणी भरपूर प्यावे आणि दम लागला की थांबावे. घरात कोणाचीच तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात सिकलसेलची रक्ततपासणी होते. सायकलच्या निमित्ताने का होईना, ती करून घ्या.

आणि उपाय किती छोटा आहे पाहा. मुठींची नवी जोडी ही सायकलवरच्या सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक आहे. टोक बंद असलेली मूठ घ्या, नळीच्या तोंडात प्लास्टिकचे बूच बसवा, मूठ फिरत असेल तर काढून आतून पुसून घट्ट बसवा. नवी मूठ मिळेपर्यंत ती सायकल उतारावर नेऊ नका.

ब्रेक

१९७६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुणांनी मातीच्या उतारावर शर्यती सुरू केल्या. जेमतेम तीन किलोमीटरची वाट आणि सुमारे चारशे मीटरची उतरण. त्यांच्याकडे शर्यतीच्या सायकली नव्हत्या. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या भंगारातल्या, जाड टायरच्या जड सायकली होत्या, पायडल उलटे दाबले की मागच्या चाकात लागणारा ब्रेक असलेल्या. खाली येईपर्यंत तो ब्रेक इतका तापायचा की चाकाच्या तुंब्यातले ग्रीस जळून धूर निघायचा. प्रत्येक फेरीनंतर तुंबा खोलून नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रिपॅक’ पडले, म्हणजे पुन्हा भरणे. आज जगभर गाजणारा हा खेळ तिथून वाढला. १९९० साली कोलोरॅडोतल्या डुरँगो इथे जागतिक अजिंक्यपद झाले आणि २०२३ साली आशियाई स्पर्धा आपल्या देशात, केरळमधल्या पोनमुडीला झाली. जुन्या सायकलीची लाज वाटणाऱ्या मुलांना ही गोष्ट सांगा. त्या तरुणांच्या सायकली जुन्या होत्या, पण दर फेरीला ते ब्रेक खोलून बघत होते.

आपल्याकडची रॉड ब्रेकची जुनी सायकल मात्र उतारासाठी नाही. तिच्या लोखंडी रिमा ओल्या झाल्या की ब्रेक जवळजवळ लागतच नाही. तारेचा ब्रेक असलेली सायकल चालेल, पण तार नीट बघा. तार तुटते ती बहुतेक वेळा ब्रेकच्या दांड्याजवळ, जिथे तिच्या टोकाची गुंडी बसते. दांडा पूर्ण दाबून आत डोकावा. एक धागा जरी तुटलेला दिसला तरी तार बदला, उरलेले धागे उतारावर एकामागोमाग जातात. ब्रेकच्या रबरावरच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर रबर बदला. ते रिमवर पूर्ण टेकले पाहिजे. वर सरकून टायरला घासत असेल तर टायर कापतो, खाली सरकले तर आऱ्यांत शिरते. रिम साबणाच्या पाण्याने धुवा. दुकानात सायकल डिझेल किंवा रॉकेलने पुसून चकचकीत करून देतात, तो हात रिमला लागता कामा नये. डिस्क ब्रेक असेल तर तेलाचा थेंब डिस्कवर पडू देऊ नका, बोटही लावू नका. चेनला तेल घालताना डिस्कवर फडके धरा.

मग साधी परीक्षा. सायकलशेजारी उभे राहून ती पुढे ढकला आणि पुढचा ब्रेक दाबा, मागचे चाक उचलले गेले पाहिजे. मागचा दाबा, चाक घासत गेले पाहिजे. दांडा पूर्ण दाबल्यावर तो आणि मूठ यांच्यात बोटभर जागा उरली पाहिजे. आपल्याकडे बहुतेक सायकलींत उजवा दांडा पुढच्या चाकाचा असतो, पण दुसऱ्याची सायकल घेतली असेल तर खात्री करून घ्या.

उतारावर ब्रेक कसा लावायचा हेही शिकावे लागते. दोन्ही ब्रेक एकत्र, एक-दोन बोटांनी, थोडे दाबून थोडे सोडून. एकसारखा धरून ठेवला तर रिम तापते, लांब घाटात त्या उष्णतेने ट्यूब फुटू शकते. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे सायकलने उतरायचा बेत करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, मध्ये थांबत उतरावे. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात पुढचा ब्रेक दाबू नये. उतारावर सीट थोडी खाली करून पार्श्वभाग मागे न्यावा, पायडल जमिनीला समांतर ठेवावेत, गुडघे आणि कोपर सैल ठेवावेत. हात ताठ धरले तर प्रत्येक दगडाचा धक्का थेट खांद्यात जातो.

ब्रेकनंतर बाकीची सायकल पाच मिनिटांत होते. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, हँडलच्या सांध्यात खडखड जाणवली तर तिथले छर्रे किंवा आटा ढिला आहे. दोन्ही चाकांचे नट, सीटचा नट, हँडलचा नट आवळा. चाक फिरवून आरे ढिले आहेत का ते बघा. पायडल आवळताना डाव्या पायडलचा आटा उलटा असतो हे विसरले की आटा मरतो. स्टँड दोरीने बांधा, नाही तर खड्ड्यात आपटून उघडतो. कॅरिअर, टोपली, झेंड्याची काठी, सगळे काढून घरी ठेवा. कॅरिअरच नसले की डबल सीट बसण्याचा प्रश्नही येत नाही.

अंगावर काय

इथे खर्च जवळजवळ नाही. जुनी जाड जीन्स, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात बूट, नाड्या आत खोचलेल्या. उजव्या पायाची मोहरी चेनमध्ये अडकू नये म्हणून मोजात घालावी. मुलींनी ओढणी घरी ठेवावी किंवा शर्ट-ट्रॅकपँट घालावी, आणि यावर घरातल्या मोठ्यांनी बोलू नये अशी आमची विनंती आहे. चाकात अडकलेल्या ओढणीने गळा आवळला गेल्याचे अपघात घडतात. वेणी हेल्मेटखाली खाली बांधावी.

गुडघ्याला कबड्डी-व्हॉलीबॉलची पॅड चालतात. खरचटणे वाचते, हाड मोडणे वाचेलच असे नाही. पडताना माणूस हात पुढे टाकतो, म्हणून हातमोजे गुडघ्याच्या पॅडपेक्षा आधी घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पकड असलेले कामाचे मोजे पुरतात, फक्त ते घालून ब्रेकचा दांडा नीट दाबता येतो का ते पाहा. धुळीसाठी त्याच दुकानातला पारदर्शक चष्मा घ्या. हेल्मेट ज्याचे त्याच्या मापाचे असावे, बाकीच्या वस्तू मंडळाने एकदा घेऊन आळीपाळीने वापरायला हरकत नाही.

पिशवीत काय

भिक्खूचे अष्टपरिष्कार आपल्याला माहीत आहेत : तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाण्याचे गाळणे. सगळ्या संसाराचा त्याग केलेला माणूस, पण फाटलेले शिवायला सुई सोबत ठेवतो आणि पाण्यातले जीव मरू नयेत म्हणून गाळणे ठेवतो. टेकडीवरची पिशवी आम्हाला त्याच हिशेबाची वाटते. ओझे नको, पण मोडलेले तिथेच जोडता आले पाहिजे, नाही तर आठ किलोमीटर सायकल ढकलत अंधारात घरी यावे लागते, आणि अंधारात उतारावरच्या चुका जास्त होतात.

आपल्याकडे पहिला शत्रू काटा. बाभळीचा आणि सराट्याचा. म्हणून सायकलच्या मापाची एक ट्यूब, पंक्चरचे सोल्युशन, रबराचे तुकडे, पॉलिश पेपर आणि हवेचा पंप. टायर उघडताना पेचकस घालू नका, ट्यूब फाटते, प्लास्टिकचे लिव्हर घ्या. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून फडके फिरवा, काटा तिथेच बसलेला असतो. ट्यूब घेताना टायरवर छापलेले माप वाचून सांगा. वॉल्वही बघा, जुन्या सायकलीचा वेगळा आणि गिअरच्या सायकलीचा मोटारसायकलसारखा असतो, एकाचा पंप दुसऱ्याला लागत नाही. हवा किती भरायची तेही टायरवरच लिहिलेले असते. त्या मर्यादेत थोडी कमी हवा मुरमावर पकड देते. फारच कमी केली तर दगडावर ट्यूब रिममध्ये चेमटते आणि सापाने चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोके पडतात.

त्यानंतर ब्रेकची एक तार, ब्रेक रबराची एक जोडी, चेनची एक जोडकडी, दोन-तीन मापांचे पाने, एल आकाराच्या चाव्या, पक्कड, इन्सुलेशन टेप, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा. टायर बाजूने फाटला तर तो तुकडा आतून लावून घरापर्यंत येता येते. एका गटाला अशी एक पिशवी पुरते. गटातल्या दोघांना तरी पंक्चर काढता आले पाहिजे, त्यातली एक मुलगी असावी.

औषधांचा डबा छोटा ठेवा : साबणाची वडी, निर्जंतुक गॉज, बँडेज, पोव्हिडोन आयोडिन, चिकटपट्टी, कात्री, ओआरएसची पाकिटे, दोन स्वच्छ पंचे, घडी घातलेले जाड पुठ्ठे. पाणी प्रत्येकाचे स्वतःचे, निदान दोन लिटर.

त्या दिवशी

शनिवारी संध्याकाळी सायकली विहाराच्या आवारात आणून एकमेकांच्या तपासाव्यात. आपल्या सायकलीचा दोष आपल्याला दिसत नाही, शेजाऱ्याला दिसतो. रविवारी पहिली फेरी पायी करा. वाट चालत बघा, दगड, नाली, तारेचे कुंपण कुठे आहे ते लक्षात ठेवा. शेतातून वाट जात असेल तर मालकाला विचारा. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नका, कारंजा-सोहोळच्या काळविटांना आपल्या आरोळ्यांची गरज नाही. एक जण खाली पोहोचून हात वर करेपर्यंत दुसऱ्याने निघू नये. दमल्यावर ‘शेवटची एक फेरी’ घेऊ नका.

आणि दारू, खर्रा, गांजा यातले काहीही घेऊन कोणी हँडल धरू नये. पाचव्या शिलात मद्य वर्ज्य सांगताना त्याचे कारणही दिले आहे, ते प्रमादाचे स्थान आहे म्हणून. उतारावर प्रमाद म्हणजे काय, हे वर वेगाच्या हिशेबात आलेच आहे.

कोणी पडले तर आधी बाकीच्या सायकली थांबवा. पडलेल्याला लगेच ओढून उभे करू नका. मान किंवा पाठ दुखते म्हणाला, हातपाय बधिर वाटले, किंवा शुद्ध हरपली असेल तर आहे तसे पडू द्या, डोके-मान दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, कांदाही हुंगवू नका. टेकडीवर फोनला रेंज कुठे येते हे सकाळीच बघून ठेवलेले असावे.

डोक्याला मार लागून तो उठून बसला, बोलला, तरी त्या दिवशी पुन्हा सायकल नाही. पुढचे २४ तास त्याला एकटे ठेवू नका. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बरळणे, झटका, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, यातले एकही लक्षण दिसले तर थेट दवाखाना. मानोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढे वाशिमचे जिल्हा रुग्णालय किंवा अकोला-यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे पाठवले तर वेळ घालवू नका. रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या, तिथे आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा.

हात-पाय सुजून वाकडा दिसत असेल तर ओढून सरळ करू नका. पुठ्ठा खाली ठेवून वरचा आणि खालचा सांधा धरून पंच्याने बांधा. खरचटलेली जागा वाहत्या पाण्याने आणि साबणाने नीट धुवा, खडे निघेपर्यंत. हळद, चहापत्ती, माती, पेट्रोल, टूथपेस्ट यातले काही लावू नका. सरकारी लसीकरणात धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळते. जखम मातीची असेल आणि शेवटची लस पाच वर्षांपूर्वीची किंवा आठवतच नसेल, तर डॉक्टरांना सांगून इंजेक्शन घ्या.

घरी आल्यावर पिशवीतली कोणती ट्यूब, कोणती तार, किती गॉज वापरले ते कागदावर लिहून कागद पिशवीतच ठेवा. त्या वस्तू पुढच्या शनिवारी भरायच्या असतात. आपटलेले हेल्मेट पट्टे कापून फेकून द्या, म्हणजे दुसरे कोणी ते उचलून घालणार नाही.